मोजणारं मशीन आणि मापणारं मशीन

"एकच रगत आहे ना भाऊ, मग दोन दोन नळ्या काहून भरून राहिले?"

नागपूरच्या धंतोलीतल्या कुठल्याही लॅबमध्ये सकाळी आठ ते दहा बसून पाहा, हा प्रश्न कानावर पडेलच. विचारणारे काकाजी रात्रीपासून उपाशी असतात, चहासुद्धा झालेला नसतो. आम्ही टेक्निशियन लोक घाईत "टेस्ट वेगवेगळ्या आहेत काकाजी" म्हणतो आणि पुढचं नाव पुकारतो. उत्तर खोटं नाही, पण त्यातून काही कळतही नाही.

नळ्या दोन, कारण मशीनं दोन. एक सेल काउंटर, दुसरं बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर. काचेपलीकडून पाहिलं तर जुळी भावंडं वाटतात. दोन्ही पांढुरकी खोकी, दोन्हींत नमुन्यात बुडणारी सुई, दोन्हींना स्क्रीन, आणि दोन्हींचे आकडे शेवटी एकाच रिपोर्टवर छापून येतात. त्यामुळे "मशीननं चुकीचा रिपोर्ट दिला" असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारतो, कोणत्या मशीननं? दोघांची चुकण्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे.

मराठीत या फरकाला शब्द तयार आहेत. संत्री आपण डझनानं मोजून घेतो, तेल मापून घेतो. सेल काउंटर मोजतो. बायोकेमिस्ट्रीचं मशीन मापतं.

आधी मोजणाऱ्याकडे जाऊ. जांभळ्या झाकणाची नळी त्याची. सीबीसी म्हणतात तो तपास, म्हणजे तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हे सगळं त्यातून निघतं. मूळ कल्पना वॉलेस कूल्टर या अमेरिकी माणसाची; तिचं पेटंट त्याला १९५३ साली मिळालं. कल्पना इतकी साधी आहे की ऐकून हसू येतं. रक्त खारट पाण्यात भरपूर पातळ करायचं आणि माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपासच्या एका बारीक भोकातून ओढायचं. भोकाच्या दोन्ही बाजूंना वीज खेळती ठेवायची. खारं पाणी वीज वाहून नेतं, पेशी नेत नाही. पेशी भोकातून गेली की क्षणभर विजेला अडथळा होतो आणि एक ठोका नोंदला जातो. ठोके किती, तितक्या पेशी. ठोका केवढा उंच, तेवढी पेशी मोठी. रिपोर्टवर एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. तो या ठोक्यांच्या उंचीतूनच येतो. प्रौढांत साधारण ८० ते १०० फेमटोलिटर (लिटरचा अतिसूक्ष्म अंश).

हे मशीन येण्याआधी न्यूबावर चेंबर नावाच्या, चौकटी कोरलेल्या काचेवर मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी मोजायचे. डीएमएलटीच्या, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या, अभ्यासात आम्हाला ते करावं लागलं. चौथ्या चौकटीपर्यंत पोचलं की कुणीतरी हाक मारायचं आणि पुन्हा एकपासून सुरुवात. मशीन काही सेकंदांत हजारो पेशी मोजून मोकळं होतं आणि त्याला कुणी हाक मारत नाही.

पण त्याला डोळेही नाहीत. त्याला फक्त ठोका कळतो. दारातून दोन माणसं हातात हात घालून गेली तर हा पहारेकरी एकच नोंद करतो. पावसाळ्यात डेंग्यूचे दिवस आले की याचा खरा त्रास कळतो. काही लोकांच्या रक्तात जांभळ्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात त्या व्यवस्थित असतात, नळीत येऊन गठ्ठे करतात. गठ्ठा प्लेटलेटच्या मापात बसत नाही, म्हणून मशीन त्याला प्लेटलेट धरतच नाही. रिपोर्ट येतो ४० हजार, घरात रडारड, आणि कुणीतरी रक्तपेढीला फोन लावायला निघालेलं असतं. अशा वेळी काचपट्टीवर रक्ताचा थर ओढून मायक्रोस्कोपखाली पाहिला की गठ्ठे स्वच्छ दिसतात. निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की आकडा बहुतेक वेळा जागेवर येतो.

उलटंही होतं. प्लेटलेट दोन-तीन मायक्रॉनची, तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. एवढा फरक असल्यावर गफलत कशी होईल, असं वाटतं. पण लोह फार कमी पडलं किंवा थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार असला की तांबड्या पेशी आक्रसतात, त्यांचे तुकडेही रक्तात फिरतात. त्यातले बारके तुकडे प्लेटलेटच्या मापात बसतात आणि मशीन त्यांना प्लेटलेट म्हणून मोजतं. आकडा फुगतो. हा प्रकार जास्त घातक, कारण जास्तीच्या प्लेटलेटची कुणी तक्रार करत नाही.

विदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात केंद्रक असलेल्या कच्च्या तांबड्या पेशी रक्तात उतरतात. पांढऱ्या पेशी मोजण्याआधी मशीन एका द्रावणानं तांबड्या पेशी फोडून टाकतं, पण या कच्च्या पेशींची केंद्रकं उरतात आणि साधं मशीन त्यांना पांढऱ्या पेशी समजतं. मग रिपोर्टवर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि नसलेल्या इन्फेक्शनचा शोध सुरू होतो. नवी महागडी मशीनं लेझरच्या साह्यानं हा फरक बऱ्यापैकी ओळखतात. थ्री-पार्ट आणि फाइव्ह-पार्ट असे शब्द लॅबच्या बोर्डावर वाचले असतील; पहिलं पांढऱ्या पेशींचे तीन ढीग करतं, दुसरं पाचही प्रकार वेगळे करतं.

आता मापणारं मशीन. याची नळी लाल किंवा पिवळ्या झाकणाची, आणि याची अट पहिल्याच्या बरोब्बर उलटी. सेल काउंटरला रक्त गोठलेलं चालत नाही. बारीकशी गुठळी गेली तरी भोक तुंबतं आणि आमची सकाळ जाते. बायोकेमिस्ट्रीला मात्र रक्त गोठायलाच हवं. अर्धा तास नळी शांत उभी ठेवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, आणि वर जे पिवळसर पाणी सुटतं ते सिरम मशीनला द्यायचं. घाई केली तर सिरममध्ये फायब्रिनचे, म्हणजे गुठळीचे, धागे राहतात, सुईत अडकतात, नमुना कमी ओढला जातो आणि सगळेच आकडे खाली येतात. सीबीसी लवकर मिळतो आणि लिव्हर-किडनीचा रिपोर्ट "जेवणानंतर या" असं का म्हणतात, त्याचं कारण यात आहे. मुद्दाम कुणी लटकवत नाही, काकाजी.

हे मशीन काहीच मोजत नाही. ते रंग पाहतं. थेंबभराहूनही कमी सिरममध्ये ठरावीक रसायन घालतं, ३७ अंशांवर ठेवतं, आणि त्या मिश्रणातून प्रकाश सोडून किती आरपार गेला ते नोंदवतं. साखरेचा तपास गुलाबी होतो, किडनीसाठी पाहतात त्या क्रिएटिनिनचा नारिंगी, प्रोटीनचा जांभळा. रंग जितका गडद, तितका पदार्थ जास्त. लिव्हरसाठी पाहतात त्या एसजीपीटीसारख्या एन्झाइमचा तपास आणखी गमतीचा. तिथे ३४० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश वापरतात आणि मिश्रणाचं प्रकाश शोषून घेणं दर मिनिटाला किती घटतं ते पाहतात. आपण कितीही डोळे ताणले तरी कपात नुसतं पाणी दिसतं.

याचा जुना पूर्वज लिओनार्ड स्केग्ज यांनी अमेरिकेत बनवला आणि १९५७ साली तो बाजारात आला. त्यात एकाच लांब नळीतून एकामागून एक नमुने वाहायचे, मध्ये हवेचे बुडबुडे सोडून एकाचा दुसऱ्याशी संबंध येऊ नये अशी सोय केलेली. बुडबुड्यांच्या भरवशावर रिपोर्ट द्यायचे, हे ऐकून मला अजून कौतुक वाटतं. आता प्रत्येक तपासाला वेगळा कप असतो, मशीन तो स्वतःच धुतं आणि पुन्हा वापरतं.

रंगावर भिस्त असल्यामुळे रंग बिघडवणारी प्रत्येक गोष्ट या मशीनची वैरी. आदल्या रात्री सावजी खानावळीत बसून तेलकट तर्रीवर ताव मारला आणि सकाळी "उपाशीच आहे" म्हणत आले, की सेंट्रिफ्यूजमधून निघालेलं सिरम ताकासारखं पांढरट दिसू शकतं. खोटं बोलता येतं, सिरम बोलू देत नाही. त्या गढुळात प्रकाश अडतो, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तर वाढलेलं येतंच, पण इतर आकड्यांवरही विश्वास ठेवणं कठीण होतं. कावीळ असली की सिरम गडद पिवळं असतं आणि जुन्या पद्धतीनं केलेलं क्रिएटिनिन खोटं कमी येऊ शकतं. आणि शीर नीट सापडली नाही, सिरिंज जोरात ओढली, की तांबड्या पेशी फुटतात. सिरम लालसर होतं. आम्ही म्हणतो, सॅम्पल हिमोलाइज झालं. पेशींच्या आत पोटॅशियम खच्चून भरलेलं असतं, ते बाहेर सांडतं. हा आकडा मशीन रंगावरून नव्हे, इलेक्ट्रोडनं घेतं, पण सांडलेलं ते सांडलेलंच.

पोटॅशियमवरून आठवलं. मी नवीन असताना एका लॅबमध्ये आमच्या एका सहकाऱ्याला लाल नळीत रक्त कमी पडलेलं दिसलं. त्यानं जांभळ्या नळीतलं थोडं लाल नळीत ओतलं. रंग तोच, रक्त त्याच माणसाचं, त्यात काय मोठंसं? मशीननं पोटॅशियम १४ दाखवलं आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. १४ म्हणजे माणूस जिवंत असायला नको. माणूस बाहेर बाकावर बसून पेपर वाचत होता. जांभळ्या नळीतलं ईडीटीए हे पोटॅशियमचा क्षार असतं आणि रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियमच पकडून ठेवतं. मशीन दोन्ही बाबतींत खरं बोललं होतं, नळीबद्दल. तेव्हापासून मी कुणाला नळ्यांची अदलाबदल करू देत नाही, आणि लाल नळी जांभळीच्या आधी भरायची हा नियमही काटेकोर पाळायला लावतो.

साखरेसाठी तिसरी, करड्या झाकणाची नळी दिसली तर गोंधळू नका. तिचं मशीन तेच मापणारं. नळी वेगळी एवढ्यासाठी, की नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर उतरते. करड्या नळीतलं फ्लोराइड ही खादाडी थांबवतं. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, इतवारीतून कुणी पोरगा स्कूटरच्या डिकीत नमुने टाकून आणतो तेव्हा या करड्या नळीची किंमत कळते.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर कूलरबद्दल. आपल्याकडे खसच्या ताट्यांच्या कूलरशिवाय घर चालत नाही, पण मशीनच्या खोलीत तो नको. त्याच्यातून दमट हवा आणि धूळ दोन्ही येतात. प्रकाश मापणाऱ्या मशीनला त्यातलं काहीच मानवत नाही. एसी लागतोच, आणि वीज गेली की यूपीएस. लॅबचं बिल एवढं का, याचा थोडा हिशेब इथेही आहे.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक कबुली द्यायला हवी. मोजणं आणि मापणं ही वाटणी मी जितकी स्वच्छ केली तितकी ती नाही. सीबीसीतलं हिमोग्लोबिन मोजलेलं नसतं, मापलेलं असतं. सेल काउंटरच्या पोटात एक छोटा रंगमापी दडलेला आहे. फोडलेल्या तांबड्या पेशींचा रंग पाहून तो हिमोग्लोबिन सांगतो. म्हणून सावजीचं जेवण तिथेही आडवं येऊ शकतं. हिमोग्लोबिनला तीननं गुणलं की साधारण हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के याचा, आकडा यावा, असा आमचा कामचलाऊ हिशेब आहे. तो फार चुकला की आम्ही नळी पुन्हा लावतो.

आणि एचबीएवनसी, म्हणजे साखरेच्या सरासरीचा तपास. टेस्ट साखरेची, नळी मात्र जांभळी, आणि पुष्कळ ठिकाणी मशीन तिसरंच, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारं, एचपीएलसी नावाचं. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मापायची असते, म्हणून पूर्ण रक्त लागतं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तेवढ्या काळाची साखरेची सरासरी त्यात उतरते. सिकलसेलच्या रुग्णात पेशी त्याच्या कितीतरी आधी मरतात, म्हणून साखर वाढलेली असूनही एचबीएवनसी छान दिसू शकतं. हेच एचपीएलसी सिकलचा वाहक कोण आणि रुग्ण कोण हेही वेगळं करून दाखवतं, जे गावोगावच्या शिबिरांतल्या सोल्युबिलिटी टेस्टला जमत नाही. ती दोघांतही पॉझिटिव्हच येते. तेव्हा घरात कुणाला सिकल असेल तर रक्त देताना तेवढं सांगून ठेवा. टेक्निशियन घाईत असला तरी फॉर्मवर लिहून घेईल.