पाण्याचा नमुना तपासायला द्यायचाय? अर्ज सोपा, बाटली अवघड

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. तेव्हापासून ‘आमच्या विहिरीचं पाणी कुठे तपासून मिळेल?’ असं विचारणारे बरेच भेटतात. महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागात, त्याचं उत्तर म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा.

कोण देऊ शकतं?

कुणीही. पात्रतेची मोठी अट नाही. घरमालक, शेतकरी, सोसायटी, ग्रामपंचायत, सगळ्यांना नमुना देता येतो. फी नाममात्र असते, पण तपासणीनुसार बदलते. म्हणून आधी फोन करून दरपत्रक विचारा. त्याच फोनवर जैविक तपासणीचे नमुने कोणत्या दिवशी घेतात तेही विचारून घ्या. जंतू वाढवून बघायला 24 ते 48 तास लागतात, त्यामुळे सुट्टीच्या तोंडावर नेलेली बाटली परत येऊ शकते.

अर्जात काय लागतं?

नाव, पत्ता, मोबाइल नंबर. स्रोत कोणता (विहीर, बोअर, हातपंप, नळ), गाव, तालुका, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ. पाणी पिण्यासाठी तपासायचं की शेतीसाठी, हे स्पष्ट लिहा, कारण दोन्हींचे निकष वेगळे आहेत. बाटलीवरही हीच माहिती चिकटवा. ओळखपत्राची एक झेरॉक्स सोबत असू द्या, लागलीच तर हाताशी राहील.

खरं काम बाटलीचं

अहवाल चुकतो तो बहुतेक इथेच. बाटल्या दोन लागतात.

रासायनिक तपासणीला एक-दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन चालतो. त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरायचा. कोल्ड्रिंकची जुनी बाटली नको.

जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणा आणि ती विसळू नका. आत क्लोरीन मारणारं औषध असतं, ते धुऊन जातं. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, वर थोडी जागा रिकामी ठेवायची. नळ असेल तर जाळी, फडकं काढून तोंड स्पिरिटने पुसा आणि दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. विहिरीत बाटलीला दगड बांधून ती पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडा, तळाचा गाळ ढवळू नका. माठातला नमुना घेतलात तर विहिरीऐवजी तुमचा माठच तपासला जाईल. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. 24 तास उलटले की तो नमुना जैविक तपासणीच्या कामाचा नाही.

आणखी एक. नमुना घ्यायच्या दिवशी सकाळीच विहिरीत टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर) ओतलेलं मी पाहिलंय. अहवाल छान आला, जुलाब महिनाभर चालले.

अहवाल कसा वाचायचा?

आधी जैविक भाग बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (आतड्यात राहणारा जंतू) अजिबात सापडता कामा नये. सापडला, तर मैला कुठून तरी पाण्यात मिसळतोय. मग नायट्रेट: मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि यात सवलत नाही. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी असं पाणी वापरू नका. फ्लोराइड 1 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या लोकांनी हा आकडा आवर्जून बघावा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शेवटी बघितला तरी चालेल. फिल्टर विकणारा मीटर बुडवून जो आकडा दाखवतो तो क्षारांचा, जंतूंचा नव्हे.

‘पिण्यास अयोग्य’ आलं तर?

अहवालाची प्रत जोडून साध्या कागदावर ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसेवकाचं पदनाम आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पत्र त्यांच्या नावे. एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. दाद लागली नाही तर गटविकास अधिकारी. शुद्धीकरणानंतर पुन्हा नमुना द्यायला विसरू नका. नळाला क्लोरीन पोचतंय का, हे गावात पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्टने (पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून) लगेच कळतं: पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, शेवटच्या घरी किमान 0.2 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवं.

गावाला कोणतं कार्ड मिळालंय तेही विचारा. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची स्वच्छता पाहणी होते; लाल म्हणजे जोखीम जास्त, पिवळं मध्यम, हिरवं कमी. कार्ड दाखवायला टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो.