चंबळचं वाळवंट आणि सुसरीची वेळ

मराठी वाचकाला चंबळ दोन कारणांनी ठाऊक असते. एक, १७३८च्या भोपाळच्या तहातला ‘नर्मदा ते चंबळ’ मुलूख, दुसरं, डाकू. या नदीची खरी दौलत मात्र तिच्या वाळवंटात आहे. वाळवंट म्हणजे पंढरपूरला म्हणतात तेच, पाणी उतरल्यावर उघडी पडणारी वाळू. तिथेच सुसर, म्हणजे लांब चिंचोळ्या तोंडाची घडियाल, अंडी घालते.

तिचं जुनं नाव चर्मण्वती. रंतिदेव राजाच्या यज्ञांत बळी गेलेल्या जनावरांच्या कातड्यांतून ती उगम पावली, अशी कथा आहे. त्यामुळे पवित्र नद्यांच्या पंगतीत तिला कधी मानाचं पान मिळालं नाही. कोट्याच्या खाली काठाला मैलोन्‌मैल बेहड, म्हणजे मातीच्या खोल घळी. शेती जेमतेम, कारखाने तुरळक, त्यात दरोडेखोरांची दहशत. बदनामीनेच ही नदी राखली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

पाण्याचं तसं झालं नाही. १९६० साली गांधीसागर धरण आणि कोटा बराज झाले, १९७०च्या सुमारास राणाप्रताप सागर आणि जवाहर सागर. नदी किती आणि केव्हा वाहणार, हे तेव्हापासून बरंचसं वरच्या दरवाजांवर ठरतं. त्याच काळात सुसर देशभरातून संपत चालली होती. कातड्यासाठी शिकार, मासेमारीच्या जाळ्यांत गुदमरणं, अंड्यांची चोरी. १९७४च्या पाहणीत देशात दोनशेही उरल्या नसल्याचा अंदाज निघाला. १९७५मध्ये मगर-सुसर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. वाळूतली अंडी उचलायची, लखनौजवळ कुकरैलला किंवा मोरेन्याजवळ देवरीला उबवायची, पिल्लं साधारण चार फुटांची झाली की नदीत सोडायची. १९७८-७९मध्ये मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांनी मिळून चंबळ अभयारण्य केलं. आज जगातल्या जंगली सुसरींपैकी बहुसंख्य इथे आहेत. अलीकडच्या गणनांत आकडा दोन हजारांवर गेला आहे.

मधे एक जबर धक्का बसला. २००७-०८च्या हिवाळ्यात इटाव्याकडच्या टापूत शंभरावर सुसरी मेल्या. शवविच्छेदनात मूत्रपिंडं निकामी झालेली दिसली, यमुनेतून आलेल्या विषारी माशांवर संशय गेला, पण विष कोणतं ते शेवटपर्यंत पक्कं ठरलं नाही.

सुसरीचं सगळं गणित वाळूवर आहे. मादी मार्च-एप्रिलच्या रात्री उंच, उताराच्या वाळूत खड्डा करून तीस-चाळीस अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. मे-जूनमध्ये पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात, तेव्हा आई वाळू उकरून त्यांना मोकळं करते. नाकाच्या टोकावर मडक्यासारखा गोळा असलेला थोराड नर शेकडो पिल्लं पाठीवर, डोक्यावर घेऊन उथळ पाण्यात पडून राहतो. शेजारच्या वाळूच्या बेटांवर पाणचिरा पक्ष्यांच्या वसाहती असतात. दुपारच्या उन्हात पाणचिरा पोट भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री-कोल्हे चालत तिथे पोचतात.

म्हणून अभयारण्याची हद्द आखून काम भागत नाही. ट्रॅक्टर रात्री वाळू उचलतात, उरलेल्या पुळणीवर काकडी-टरबुजाचे वाफे पडतात, हे जुनं दुखणं. त्यावर आता हवामानाची भर पडली आहे. मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना १९५०नंतर वाढल्या आहेत. सप्टेंबर २०१९मध्ये गांधीसागर तुडुंब भरलं, कोटा बराजचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि खाली धौलपूर-मोरेन्यापर्यंत पूर गेला; २०२१ आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये पुन्हा मोठे पूर आले. अशा लोंढ्यात दीड-दोन वीत लांबीचं पिल्लू तग धरत नाही. एरवीही पहिला पावसाळा पार करणारी पिल्लं थोडीच असतात.

जानेवारी २०२४मध्ये पार्वती-कालीसिंध-चंबळ नदीजोडासाठी केंद्र, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. पाणी कोणाला किती, यावर पुष्कळ बोलणं झालं आहे. चंबळच्या वाळूवर मात्र प्रश्न महिन्यांचा आहे: मार्च ते जून पात्रात पाणी किती राहणार, आणि जूनमध्ये बाहेर पडलेल्या पिल्लाला पहिला लोंढा येण्याआधी किती दिवस मिळणार.