नवसंपादकांचे मार्गदर्शन

विकिपीडिया, विकिस्रोत, ओपनस्ट्रीटमॅप अशा स्वयंसेवी सामूहिक प्रकल्पांत नव्याने आलेल्यांना जुन्या सदस्यांनी काम शिकवण्याची पद्धत. येथे पगार नाही आणि नेमणूकही नाही, त्यामुळे मन खट्टू झालेला माणूस न सांगता निघून जातो. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटत गेली. नवख्यांनी सद्‌हेतूने केलेले बदलही स्वयंचलित साधनांनी तडकाफडकी उलटवले जात होते, आणि संशोधकांना त्यात या घटीचे एक मोठे कारण दिसले. तेथे नवख्यांच्या शंकांसाठी २०१२ मध्ये ‘टीहाऊस’ सुरू झाले. मराठी विकिपीडियावर (स्थापना २००३) सरावासाठी धूळपाटी, सर्वांच्या विचारविनिमयासाठी चावडी आणि प्रत्येक लेखाला चर्चा पान आहे.

गोव्यातला नवा मराठी संपादक पुष्कळदा आपल्या गावापासून आणि ग्रामदैवतापासून सुरुवात करतो. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेवर कोणी लिहायला घेतले, तर ‘आमची नवसाला पावणारी आई’ असे, ज्ञानकोशाच्या तटस्थ भाषेत न बसणारे शब्द सहज येतात. अशा वेळी सगळा परिच्छेद उडवणे सोपे असते, पण ते अन्यायाचे आहे. जत्रेची तिथी, धोंडांचे (देवीच्या व्रतस्थ भक्तांचे) सोवळे, हातातली वेताची काठी, निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी ही माहिती त्या माणसाने जवळून पाहिलेली असते. ती ठेवावी, ‘आमची’ काढावे, नवसाचे वाक्य ‘अशी भाविकांची श्रद्धा आहे’ असे करावे आणि वृत्तपत्राचा किंवा पुस्तकाचा संदर्भ मागावा. बदल कोणी व का केला, हे त्याच दिवशी सदस्याच्या चर्चा पानावर स्वतःच्या शब्दांत लिहावे. नुसता इशाऱ्याचा साचा (तयार मजकूर) डकवू नये.

प्रताधिकार (कॉपीराइट) समजावणे जास्त कठीण. देवस्थानची स्मरणिका गावाचीच, मग तिच्यातला मजकूर उतरवला तर बिघडले कुठे, असे नवख्याला मनापासून वाटते. येथे गोवा विद्यापीठाच्या चार खंडांच्या कोंकणी विश्वकोशाचे उदाहरण उपयोगी पडते. विद्यापीठाने तो २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला, म्हणून श्रेय देऊन त्यातील मजकूर वापरता येतो. स्मरणिकेला असा परवाना नसतो. कोंकणी विकिपीडिया २०१५ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाला. दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या गोमंतकीयाला दोन्हीकडचे संकेत वेगवेगळे सांगावे लागतात.

महाविद्यालयातील कार्यशाळेत एक अडचण हमखास येते. एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून) विकिपीडियावर दिवसाला साधारण सहाच खाती उघडता येतात, आणि सातव्या विद्यार्थ्यापासून वर्ग खोळंबतो. म्हणून खाते घरूनच उघडून यायला सांगावे किंवा आधी सवलत मागून ठेवावी. खरे मार्गदर्शन मात्र कार्यशाळेनंतरच्या आठवड्यांत होते, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. त्या काळात मार्गदर्शकाने लेख स्वतः लिहून देऊ नये. चुकलेली ओळ दाखवावी आणि दुरुस्ती नवख्याच्या हातून होऊ द्यावी, म्हणजे लेखाच्या इतिहासात नावही त्याचेच राहते.