उन्हाळी मका लागवड (पुणे जिल्हा)

उसाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेले पुढचे पीक) तुटल्यावर किंवा बटाटा, रांगडा कांदा निघाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पाण्यावर केली जाणारी मक्याची पेरणी. बारामती, इंदापूर, दौंड भागात ती नीरा डावा आणि नवा मुठा उजवा कालव्याच्या आवर्तनावर (ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्यावर) किंवा विहिरीच्या पाण्यावर होते. पीक दाण्यासाठी घेतात, तसेच दुभत्या जनावरांच्या मुरघासासाठीही (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यासाठी).

पेरणीची तारीख तुऱ्यावरून (शेंड्याला येणाऱ्या नर फुलोऱ्यावरून) मागे मोजत ठरवावी. मका साधारण 55 ते 65 दिवसांत तुऱ्यावर येतो. त्या वेळी पारा 38 अंशांच्या पुढे गेला आणि कोरडा वारा सुटला, तर पराग मरतात, कणसाचे केस सुकतात आणि कणीस अर्धवट भरते. म्हणून दाण्याचा मका फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत जमिनीत जायला हवा. मार्चमध्ये पेरलेला मका चाऱ्यासाठीच धरावा. उलट जानेवारीच्या थंडीत उगवण लांबते आणि रोपांवर जांभळट झाक येते. थंडीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, हे त्याचे कारण. ऊन वाढले की ती झाक बहुधा आपोआप जाते.

रान आधी ओलवून वाफशावर (ना चिखल, ना कोरडी अशा ओलीवर) पेरणे सर्वांत चांगले. मुठीत दाबलेला मातीचा गोळा कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, की वाफसा आला असे समजावे. रोटाव्हेटरने माती पिठासारखी बारीक करू नये, पाणी दिल्यावर तिची पापडी धरते आणि कोंब खालीच वाकडा होतो. पापडी धरलीच, तर चौथ्या-पाचव्या दिवशी हलकी आंबवणी (पेरणीनंतरचे पाणी) द्यावी.

दोन ओळींत 75 आणि दोन रोपांत 20 सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एकरी सुमारे 27 हजार रोपे बसतात. त्यासाठी दाण्याच्या आकारानुसार 7 ते 8 किलो बियाणे लागते. खोली 4 ते 5 सेंटिमीटर. हवेच्या ओढीवर चालणाऱ्या न्यूमॅटिक टोकण यंत्राची तबकडी एका छिद्राला एकच दाणा धरते, पण पीटीओचे (यंत्राला शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याचे) फेरे कमी झाले की ओढ घटते आणि दाणे गळतात. बांधाजवळ वळताना पडणारे खाडे (ओळीतल्या रिकाम्या जागा) बहुतेक यामुळेच असतात. छिद्रात फुटका दाणा किंवा बीजप्रक्रियेची भुकटी अडकली, तर सबंध ओळीत ठरावीक अंतरावर जागा रिकामी राहते. वेग ताशी 5 किलोमीटरच्या आसपास ठेवावा. पहिल्या तासात थांबून तपासणी केलीच पाहिजे: 5.4 मीटर ओळ उकरून दाणे मोजावेत. ही ओळ एकराचा हजारावा हिस्सा असते, तेव्हा 27 च्या जवळपास दाणे मिळाले पाहिजेत. खाडे मागाहून भरले, तरी उशिरा उगवलेले रोप शेजाऱ्यांच्या सावलीत वांझच राहते.

पेरताना एकरी 50 किलो डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत), 27 किलो पोटॅश आणि 15 किलो युरिया बियाण्याच्या बाजूला व थोडा खाली, 5 सेंटिमीटर अंतरावर पडावा. खताला चिकटलेला दाणा करपतो. पुढे 30 व 45 दिवसांनी प्रत्येकी 35 किलो युरिया ओलीवर द्यावा. चुनखडीच्या रानात नव्या पानांच्या बुडाशी शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे दिसतात, ती जस्ताची कमतरता. एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे, डीएपीत मिसळू नये.

तणासाठी अॅट्राझीन 50 टक्के भुकटी एकरी 800 ग्रॅम ते 1 किलो, 200 लिटर पाण्यातून, पेरणीनंतर दोन दिवसांत ओल्या जमिनीवर फवारतात. आंतरपीक कडधान्याचे असेल तर अॅट्राझीन वापरू नये.

अमेरिकन लष्करी अळी (फॉल आर्मीवर्म) 2018 मध्ये भारतात आली, तेव्हापासून पहिल्या आठवड्यापासूनच पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने) पाहणे भाग पडते. पानावर कागदासारखे पांढुरके चट्टे दिसले की अळी लहान असते, आणि औषध तेव्हाच लागू पडते. पोंग्यात भुशासारखी विष्ठा साचली म्हणजे ती आत बसली, मग फवारा तिथवर पोचत नाही. लहान अवस्थेत 5 टक्के निंबोळी अर्क, प्रादुर्भाव वाढल्यास इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी (5 टक्के, पाण्यात विरघळणारे दाणेदार कीटकनाशक) 0.4 ग्रॅम प्रतिलिटर, नोझल पोंग्यावर धरून. चाऱ्याच्या मक्यावर मात्र रासायनिक फवारणी टाळावी.

तुरा येताना आणि दाणे भरताना पाण्याचा ताण अजिबात पडू देऊ नये. कालव्याचे आवर्तन नेमके तेव्हाच लांबते, त्यामुळे विहिरीची किंवा शेततळ्याची जोड असेल तेवढेच क्षेत्र पेरावे. मुरघासाची कापणी दाण्यातली दुधाची रेषा (घट्ट आणि दुधाळ भागांमधली सीमा) निम्म्यावर आल्यावर, साधारण 85 ते 95 दिवसांनी होते.