ओव्हनातल्या कढया काढल्यावर

आमच्या स्वयंपाकघरात उंच कपाटात बसवलेला इलेक्ट्रिक ओव्हन आहे. ट्रॉल्यांच्या पॅकेजमध्येच तो आला होता. पहिली तीन वर्षं त्यात दोन कढया, एक झारा, बिडाचा तवा आणि ढोकळ्याचं भांडं सुखाने नांदत होतं. पुण्यामुंबईकडच्या बऱ्याच घरांत बिल्ट-इन ओव्हन म्हणजे काचेच्या दाराचं फडताळच असतं, त्यामुळे आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका दिवाळीआधी सासूबाईंनी नानकटाईचा विषय काढला. त्यांच्या लहानपणी पीठ, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, भट्टीतून पत्रे भाजून घ्यायचे आणि गरम डबा फ्रॉकने धरून घरी यायचं, असा रिवाज होता. "एवढा ओव्हन आहे तर घरीच करू की," त्या म्हणाल्या. कढया बाहेर आल्या, ओव्हन पुसून झाला, मी बटण फिरवलं आणि पाचेक सेकंदांत अख्ख्या घराचे दिवे गेले.

पहिल्यांदा आलेल्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, "हा आरसीसीबी फार नाजूक आहे, बायपास करून देतो." त्याला चहा पाजून परत पाठवला. घरातला आरसीसीबी (काही जण अजून ईएलसीबीच म्हणतात) फक्त जमाखर्च बघतो: एका तारेतून जेवढा प्रवाह गेला तेवढाच दुसऱ्या तारेतून परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो, कारण गहाळ झालेला प्रवाह कुठून तरी जमिनीत चाललेला असतो आणि ती वाट एखाद्या माणसाच्या अंगातूनही जाऊ शकते. हिशेब जुळत नाही म्हणून कारकुनालाच काढून टाकण्यातला हा प्रकार.

मग आमचा प्रवाह कुठे गळत होता? दुसऱ्या तंत्रज्ञाने मेगर, म्हणजे विजेची गळती तपासायचं यंत्र, लावून मोजलं आणि म्हणाला, "खालची कॉइल दमट झालीय." ओव्हनची कॉइल दमट होते हे ऐकून सासूबाईंना हसू आलं. पण आतली रचना पाहिली की ते पटतं. ओव्हनमध्ये दिसते ती काळपट नळी म्हणजे नुसतं कवच. तिच्या पोटात निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, बारीक वेटोळी तार असते. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने १९०६ साली तिचं पेटंट घेतलं. ही तार लालबुंद होऊनही जळून जात नाही, कारण तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तो हवेला आत शिरू देत नाही. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड मोठी गुणी: उष्णता सहज जाऊ देते, वीज मात्र अडवते. तिचा दोष एकच, हवेतलं पाणी ओढून घेते. नळीची टोकं बंद केलेली असली तरी अगदी हवाबंद नसतात. तीन पावसाळे ओव्हन गार पडून राहिला, पूड ओलावली आणि वीज थोडीथोडी नळीत झिरपू लागली. त्या माणसाने कॉइल काढून नेली, वाळवून दोन दिवसांनी परत बसवली. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी दर पंधरवड्याला ओव्हन वीसेक मिनिटं शंभर अंशांवर रिकामाच चालवते. रोज ओव्हन वापरणाऱ्यांना याची गरज नाही. त्यांच्या कॉइलला दमट व्हायला सवडच मिळत नाही.

जाता जाता त्याने पाठीमागचा प्लगही पाहिला. तीन हजार वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर ओढतो. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं हे काम नाही. त्याला १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट, स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग लागतं. एक्स्टेंशन बोर्डावर ओव्हन चालवणं हा धाडसाचा नाही, आगीचा प्रकार आहे.

एकदाची नानकटाई झाली. पाककृतीत १८० अंश, १८ मिनिटं असं होतं. अर्धी पांढरी, अर्धी खालून करपलेली. विशेष म्हणजे एकाच ट्रेमधली.

इथून माझा ओव्हनचा खरा अभ्यास सुरू झाला. बटणावरचा आकडा म्हणजे तापमान, अशी आपली समजूत असते. साध्या ओव्हनमध्ये आत एक बारीक नळी असते आणि तिच्यात तेलासारखा द्रव. तापला की तो फुगतो, पातळ पडद्याला ढकलतो आणि खटका पडून कॉइल बंद होते. निवला की आकसतो, कॉइल पुन्हा सुरू. म्हणजे १८० वर लावलेला ओव्हन १८० वर थांबलेला नसतोच. तो त्या आकड्याच्या वरखाली दहापंधरा अंश झोके घेत असतो. शिवाय ती नळी एका कोपऱ्यात असते. ती आपल्या कोपऱ्याची खबर देते, ट्रेच्या मध्यावर काय चाललंय याची तिला गंधवार्ता नसते.

ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक मिळतो. मी मात्र आधी साखर वापरली. साधी साखर साधारण १८६ अंशांच्या आसपास वितळते. फॉइलच्या चार इवल्याशा वाट्यांत अर्धा-अर्धा चमचा साखर घेऊन त्या ट्रेच्या चार कोपऱ्यांत ठेवल्या आणि चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये १८० वर पंधरा मिनिटं ठेवून दिल्या. पुढच्या दोन वाट्यांत दाणे जसेच्या तसे राहिले. मागच्या उजव्या वाटीतले कडेने ओलसर. मागच्या डाव्या वाटीत मात्र पिवळसर पाक. म्हणजे आमच्या ओव्हनच्या १८० मध्ये तो कोपरा १८६ च्या पुढे होता आणि दाराजवळची जागा त्याच्या मागे. पंधरा मिनिटांची मर्यादा मात्र पाळायची, कारण साखर कमी तापमानालाही तासभर ठेवली तर हळूहळू विघटन होऊन तांबूस पडते आणि प्रयोग फसवा ठरतो. नकाशाच हवा असेल तर जाळीभर पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस मांडून दहा मिनिटं भाजायच्या. कुठे ऊन, कुठे सावली ते रंगातच दिसतं. तो नकाशा नंतर चहाबरोबर खाताही येतो.

हे १८० तरी आलं कुठून? अमेरिकन पाककृतींत ३५० फॅरनहाइट हा मध्यम आचेचा ठरलेला आकडा. सेल्सिअसमध्ये तो १७७ होतो, पूर्णांक करून १८०. त्यामागे रसायनशास्त्रही आहे. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली जी अभिक्रिया वर्णन केली, तिच्यामुळे भाजलेल्या पदार्थाला तांबूस रंग आणि खमंग वास येतो. साधारण १४० अंशांच्या पुढे ती जोमाने चालते. पदार्थाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो शंभराच्या वर जात नाही, आच कितीही असो. आधी पाणी उडणार, मग रंग चढणार. नानकटाईत पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे तिला थांबायचं कारण नाही. केकला पेलणारी आच तिला करपवते.

आता एक हिशेब, जो केल्यावर मी स्वतःच चकित झाले. पासष्ट लिटरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांची हवा किती वजनाची असते? जेमतेम ५० ग्रॅम. एका अंड्याएवढी. म्हणूनच तापल्या ओव्हनमध्ये हात क्षणभर घातला तर नुसती झळ लागते, पण त्याच तापमानाच्या ट्रेला बोट लागलं की फोड येतो. त्या मूठभर हवेत द्यायला उष्णताच फारशी नसते. दार उघडलं की ती निघून जाते खरी, पण तेवढी हवा पुन्हा तापवायला तीन हजार वॅटच्या कॉइलला तीनचार सेकंद पुरतात. ओव्हनची खरी पुंजी त्याच्या भिंतींत आणि ट्रेत साठलेली असते. दार पटकन उघडून मिटलं तर ती शाबूत राहते. दार उघडं टाकून आपण सुरी खुपसत, फोटो काढत बसलो की ती खर्च होते.

म्हणून ओव्हन आधी तापवायचा. बटणाजवळचा छोटा दिवा विझला, म्हणजे हवा तापली. भिंतींना आणखी दहा मिनिटं द्यावीत. घाई केली तर नानकटाई दोन्हीकडून मार खाते. एक तर तूप पस्तीस-चाळीस अंशांतच विरघळतं, तर पीठ धरायला बरीच जास्त आच लागते. कोमट ओव्हनमध्ये तूप आधी पळतं आणि नानकटाई पोळीसारखी पसरते. दुसरं म्हणजे तापवताना कॉइल सलग लालभडक असते, आणि तापलेल्या वस्तूतून निघणारं प्रारण, म्हणजे उष्णतेचे किरण, तिच्या निरपेक्ष (केल्विनमध्ये मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घातात वाढतं. १८० अंशांची भिंत म्हणजे ४५३ केल्विन. कॉइल ६३३ अंशांवर असेल तर ९०६ केल्विन, म्हणजे बरोबर दुप्पट. दुप्पट तापमान, पण तेवढ्याच पृष्ठभागातून प्रारण मात्र सोळापट! एका बाजूने हा मारा झाल्यावर आमच्या नानकटाईचं काय होणार? काळा ट्रे हे प्रारण अधिक शोषतो, चकचकीत ट्रे परतवतो. आमच्याकडचा काळाच होता.

पंखा चालू केला की गणित बदलतं. पदार्थाभोवती स्थिर हवेचं पातळ पांघरूण असतं. पंखा ते सतत ओढून काढतो आणि उष्णता लवकर पोचते. म्हणून पंख्यावर भाजायचं तर आकडा वीसेक अंशांनी उतरवायचा. दोन ट्रे एकदम ठेवायचे असतील तर पंखा हवाच. एका ट्रेच्या नाजूक केकला मी तो लावत नाही.

विजेचं म्हणाल तर तापवण्यासकट तासाभराच्या भाजणीला ढोबळमानाने एक युनिट जातं. युरोपात ओव्हनची वीज मोजायची प्रमाण पद्धत मोठी मजेशीर आहे: पाण्यात भिजवून ठेवलेली सच्छिद्र वीट आत ठेवतात आणि तिचं पोट ५५ अंशांनी तापेपर्यंत किती वीज गेली ते बघतात. लेबलावरचा आकडा येतो तो या विटेच्या कृपेने.

बिल्ट-इन ओव्हनचं एक दुखणं टेबलावरच्या ओव्हनला नसतं. तो लाकडी पेटीत कोंडलेला असतो. त्याच्या वरच्या भागात एक वेगळा पंखा असतो. कपाटातली थंड हवा ओढून तो दार आणि पॅनेलमधल्या फटीतून पुढे सोडतो. ओव्हन बंद केल्यावर जी घरघर ऐकू येते ती त्याचीच. "बंद केला तरी चालूच आहे" म्हणून लोक मेन स्विच पाडतात. ते करू नये, आतल्या वायरिंगला आणि सर्किटला थंड करणारा तोच एकटा आहे. त्याला हवा मिळावी म्हणून कपाटाच्या मागे मोकळी जागा लागते. आमच्या सुताराने फिनिशिंगच्या हौसेने मागे प्लाय ठोकून सगळं बंद केलं होतं. चार वेळा भाजल्यावर शेजारच्या दाराची लॅमिनेटची पट्टी सुटली, तेव्हा कळलं. मागचा प्लाय कापून घेतला.

आतला गुळगुळीत काळा थर म्हणजे एनॅमल, पोलादावर वितळवून चढवलेली काच. आजीच्या एनॅमलच्या थाळ्यांसारखीच. टवका उडाला की तिथून गंज धरतो. म्हणून तारेची घासणी नको, आणि तापलेल्या ओव्हनवर गार पाण्याचं फडकं तर नकोच. सांडलेलं टिपायला तळाशी फॉइल अंथरायची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती मोडीत काढा. तळाची कॉइल बहुतेक वेळा त्याच पत्र्याखाली लपलेली असते. फॉइलने तिची उष्णता कोंडते, एनॅमल तडकतं, आणि फॉइल त्याला अशी चिकटते की निघत नाही. सांडायची भीती असेल तर खालच्या खणात रिकामा ट्रे ठेवावा.

ओव्हनवरचे तपकिरी, चिवट डाग म्हणजे तेलाच्या रेणूंनी एकमेकांचे हात धरून केलेली साखळी. बिडाच्या तव्यावर हीच साखळी आपण मुद्दाम चढवतो आणि तिला तवा मुरला म्हणतो. डाग ताजा असताना कोमट साबणाच्या पाण्याने निघतो, दहा वेळा भाजल्यावर नाही. जुन्यासाठी गार ओव्हनमध्ये खायच्या सोड्याचा दाट लेप रात्रभर, कॉइल सोडून. सोडा सौम्य अल्कली आहे आणि त्याचे कण काचेपेक्षा मऊ, त्यामुळे घासलं जातं पण ओरखडा येत नाही. दाराच्या काचेला तर पातीने खरवडू नयेच. ती कडक केलेली काच असते. ओरखड्यातून तडा गेला की ती पूर्णच्या पूर्ण चुरा होते. काही महाग ओव्हन स्वतःला ५०० अंशांच्या आसपास तापवून घाणीची राख करतात. तेव्हा जाळ्या बाहेर काढायच्या, खिडक्या उघडायच्या आणि पोपट पाळला असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत नव्हे, शेजाऱ्यांकडे ठेवायचं. पक्ष्यांची फुप्फुसं अशा धुराला फार हळवी असतात.

आमच्या ट्रॉलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. माझ्या अक्षरात: "नानकटाई: १५५, मधला खण, दिवा विझल्यावर १० मि. थांबून. ९ मि. नी ट्रे फिरवणे, डावा कोपरा मोकळा." त्याखाली सासूबाईंनी पेन्सिलीने लिहिलंय, "कढया काढल्या का बघणे."