कळफलक मांडणी (एक्स विंडो प्रणालीतील)

कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटावे हे सांगणारे मजकुरी वर्णन आणि ते संकलित करून एक्स या लिनक्ससारख्या संगणकांवरील विंडो प्रणालीच्या सर्व्हरमध्ये (पडदा व कळफलक सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) लोड करण्याची पद्धत.

कळफलक अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. इंग्रजी ‘एन’ छापलेल्या कळीला लिनक्सचा कर्नल (गाभा) ४९ हा क्रमांक देतो. एक्स प्रणालीत त्यात ८ मिळवून तो ५७ होतो. वर्णनातील कळ-क्रमांकांचा विभाग या ५७ला ‘एबी०६’ हे स्थाननाम देतो आणि चिन्हांचा विभाग त्या नावापुढे पहिल्या स्तरावर (शिफ्ट न दाबता) ल, शिफ्टच्या स्तरावर ळ लिहितो. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या नावातला ळ पडद्यावर येतो तो असा. ‘एसी०७’ कळीवर याच रीतीने र आणि ऱ बसतात. हा दुसरा स्तर वर्णनातून गळला, तर सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ लिहायला गेलेल्या माणसाला ‘दर्या’ म्हणजे समुद्र मिळतो. मराठीसाठी हा भेद अर्थाचा आहे, म्हणून वर्णन तपासताना ऱ आधी पाहावा. कळींचे प्रकार, सुसंगती आणि भूमिती हे उरलेले विभाग. पैकी भूमिती केवळ कळफलकाचे चित्र काढण्यापुरती आहे.

उगम : एक्स प्रणाली एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झाली व तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. तिच्या मूळ नियमावलीत (प्रोटोकॉलमध्ये) मांडणीचे वेगळे वर्णन नव्हते. क्रमांक आणि चिन्हे यांचा एक तक्ता होता व तो ‘एक्समॉडमॅप’ या प्रोग्रामने ओळीओळीने बदलला जाई. स्तर, गट (एकत्र लोड केलेल्या मांडण्यांपैकी एकेक) आणि प्रकार यांची आजची रचना ‘एक्सकेबी’ या विस्तारातून आली. सिलिकॉन ग्राफिक्समधील एरिक फॉर्च्यून हे त्याच्या संहितेचे (लिखित नियमांचे) प्रमुख लेखक. काल मात्र दोन प्रकारे दिला जातो. अकराव्या आवृत्तीच्या सहाव्या प्रकाशनात (१९९४) त्याचे प्राथमिक रूप असल्याने काही जण तेच वर्ष धरतात. प्रमाण म्हणून तो ६.१ प्रकाशनात (१९९६) आला. संहिता स्थिर झाल्याचे वर्ष धरणे अधिक योग्य वाटते. देवनागरी मांडणीचा काल असाच सैल आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण मांडणीसाठी १९८६ आणि १९८८ ही दोन्ही वर्षे आढळतात. भारतीय मानक १३१९४ मधील तिचा समावेश १९९१चा. पहिली दोन बहुधा मसुदा व सुधारणा यांची असावीत.

लोड होण्याचा क्रम : वापरकर्ता पूर्ण वर्णन देत नाही. तो नियमसंच, कळफलकाचे मॉडेल, मांडणी, उपप्रकार आणि पर्याय अशी पाच नावे देतो. नियमांची फाइल त्यांवरून कोणत्या विभागातला कोणता तुकडा घ्यायचा ते ठरवते, ‘एक्सकेबीकॉम्प’ हा संकलक तुकडे जोडून द्विमान (बायनरी) रूप तयार करतो आणि सर्व्हर ते उचलतो. चालू सत्रात हेच काम ‘सेटएक्सकेबीमॅप’ हा प्रोग्राम करतो. संकलन फसले तर मराठी मांडणी मिळत नाही, आणि चूक बहुतेकदा नावातल्या एखाद्या अक्षराची असते.

लोड करणे आणि गट बदलणे यांत गल्लत होते. इंग्रजी व मराठी मांडण्या एकत्र मागितल्या की दोन्ही एकाच संकलित नकाशात दोन गट म्हणून बसतात. आल्ट-शिफ्ट दाबल्यावर काहीही नव्याने लोड होत नाही, फक्त चालू गटाचा आकडा बदलतो. गटांची कमाल मर्यादा ४. मांडण्या अशा स्वल्पविरामाने जोडण्याची सोय एक्सफ्री८६ या एक्सच्या मुक्त अवताराच्या ४.३ आवृत्तीपासून (२००३) रुळली. त्याआधीच्या फाइलींत बहुधा इंग्रजी गट आतच लिहिलेला असे.

एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँड प्रणालीत संकलन ‘लिबएक्सकेबीकॉमन’ ही लायब्ररी करते आणि तयार नकाशा प्रत्येक प्रोग्रामला मजकूररूपात दिला जातो.

मर्यादा : एक्स सर्व्हरच्या दृष्टीने एका दाबाला एकच चिन्ह. प्रमाण इनस्क्रिप्टमध्ये त्र, ज्ञ, क्ष, श्र यांना शिफ्टसह स्वतंत्र कळी आहेत; पण त्र म्हणजे त, हलन्त आणि र अशी तीन चिन्हे असल्याने ती कळ या वर्णनात मावत नाही. परिणामी ‘त्र्यंबक’ लिहायला सहाऐवजी आठ दाब लागतात. टंकयंत्रावर शिकलेल्यांची अडचण याहून खोल आहे. ‘नाशिक’मधली वेलांटी त्यांच्या हाताला श-च्या आधी येते, युनिकोडमध्ये ती श-नंतर साठवली जाते. क्रमाची ही उलटापालट कळफलकाच्या वर्णनाला करता येत नाही. त्यासाठी आयबससारखी निवेश-पद्धती (कळींचे दाब घेऊन मजकूर रचणारा प्रोग्राम) वर बसवावी लागते, आणि तेव्हा खालची मांडणी इंग्रजीच ठेवतात.