सुरक्षा चाचणीतील कंटेनर
संगणकप्रणालीतील त्रुटी परवानगीने शोधण्यासाठी लागणारी साधने, किंवा सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली प्रणाली, यजमान संगणकावरील विलग कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवण्याची पद्धत. काम संपल्यावर कप्पा टाकून देता येतो आणि त्याच प्रतिमेवरून (साठवलेल्या साच्यावरून) पुन्हा तसाच उभा करता येतो.

या पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. सामान्यतः तिचे मूळ युनिक्स या कार्यप्रणालीतील ‘सीएचरूट’ या सिस्टिम कॉलमध्ये (कार्यक्रमाने कार्यप्रणालीकडे करायच्या विनंतीत) मानतात. तो १९७९ च्या सुमारास युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला असे बहुधा नोंदवले जाते. काही लेखक मात्र १९८२ मध्ये बिल जॉय यांनी तो बीएसडी या युनिक्सच्या शाखेत आणला, तेथून सुरुवात धरतात. हा कॉल प्रक्रियेला दिसणारी मूळ निर्देशिका तेवढी बदलतो. रूट (सर्वोच्च) अधिकार असलेली प्रक्रिया त्यातून बाहेर पडू शकते. त्यामुळे सुरक्षेच्या दृष्टीने १९९१ मधील बिल चेझविक यांचा प्रयोग अधिक महत्त्वाचा ठरतो. बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी एका घुसखोराला अशाच कप्प्यात गुंतवून त्याच्या हालचाली टिपल्या. पुढे फ्रीबीएसडीचे ‘जेल’ (२०००), लिनक्सच्या कर्नलमधील (कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) नेमस्पेस (प्रक्रियेला काय दिसावे ते ठरवणारी सोय) व सीग्रुप (तिने किती संसाधने वापरावीत ते ठरवणारी सोय) आणि २०१३ मध्ये डॉकर हे कंटेनर चालवण्याचे साधन आले.

कंटेनरला स्वतःचे कर्नल नसते, तो यजमानाचेच वापरतो. या पद्धतीचा वेग आणि तिचा धोका दोन्ही येथूनच येतात. २०१९ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०१९-५७३६ या त्रुटीमुळे कंटेनरमधील दुष्ट प्रक्रियेला यजमानावरील ‘रनसी’ ही कंटेनर सुरू करणारी फाइलच बदलता येत होती. म्हणून संशयित मालवेअर चालवून पाहण्यासाठी स्वतःचे कर्नल असलेले व्हर्च्युअल मशीनच योग्य होय. यजमानावरील ‘डॉकर’ या वापरकर्ता-गटातील सदस्यत्व व्यवहारात रूट अधिकारासारखेच असते, हेही चाचणी करणाऱ्याने विसरू नये.

काली लिनक्स या सुरक्षा चाचणीच्या कार्यप्रणालीच्या अधिकृत प्रतिमेत साधने आधीपासून भरलेली नसतात; ती निवडून बसवावी लागतात. डॉकरच्या मूळ मांडणीत कंटेनरला सहसा १७२.१७ ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळतो. लक्ष्ययंत्राकडून येणाऱ्या उलट जोडणीसाठी हाच पत्ता भरला, तर दुसऱ्या यंत्रावरून जोडणी पोहोचत नाही. यजमानाचा पत्ता देऊन पोर्ट प्रकाशित करावे (यजमानाच्या पोर्टशी जोडावे) लागते. एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाच्या सिन स्कॅनला (जोडणी पूर्ण न करता होणाऱ्या तपासणीला) कच्चे सॉकेट (पॅकेट स्वतः रचण्याची सोय) लागतात व तेवढी परवानगी डॉकर सहसा देतो. नेटवर्कची मांडणी बदलणाऱ्या साधनांना ती वेगळी द्यावी लागते. सरावासाठी ओवॅस्प या वेब-सुरक्षा संस्थेचे ज्यूस शॉप व वेबगोट हे मुद्दाम कच्चे ठेवलेले प्रकल्प कंटेनर-रूपात उपलब्ध आहेत.